आधी क्रियापद शोधू द्या: इंग्रजी वाक्य शिकवण्याविषयी खुले पत्र

प्रति,
मराठी माध्यमाच्या शाळांसाठी इंग्रजीची प्रशिक्षणे आखणारे तज्ज्ञ, ती घेणारे सुलभक आणि पाचवी ते आठवीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिका काढणारे शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. आज सातवीच्या वर्गात 'वाक्याचे प्रकार किती?' असे विचारले, तर उत्तर एका सुरात येते: चार. असर्टिव्ह (विधान), इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), इम्परेटिव्ह (आज्ञा), एक्सक्लमेटरी (उद्गार). व्याख्याही घडाघडा येतात. मग त्यांतल्याच एकाला 'तुझा भाऊ क्रिकेट खेळतो का?' एवढे इंग्रजीत विचारायला सांगा. बहुतेक वेळा 'युअर ब्रदर प्लेज क्रिकेट?' असे येते, आणि थोडा सराव झालेला असेल तर 'डज युअर ब्रदर प्लेज क्रिकेट?' असे. प्रकाराचे नाव पाठ आहे, पण तो प्रकार तयार करता येत नाही.

आमचे म्हणणे शिकवण्याच्या क्रमाविषयी आहे. रिवाज असा: आधी वाक्याची व्याख्या, मग सब्जेक्ट (कर्ता) आणि प्रेडिकेट (कर्त्याविषयी सांगणारा उरलेला भाग) यांच्या व्याख्या, मग चार प्रकारांचा तक्ता, आणि शेवटी 'प्रकार ओळखा'. हा क्रम उलटा करावा. मुलाने आधी क्रियापद हुडकावे, त्यावरून कर्ता, मग उरलेले. प्रकार म्हणजे एकाच वाक्यातले शब्द हलवून केलेले बदल, असे त्याच्या हाताला कळावे. व्याख्या सगळ्यात शेवटी सांगितली तरी चालते, आणि नाही सांगितली तरी फारसे अडत नाही. या पत्रातली इंग्रजी वाक्ये देवनागरीत आहेत, ती मोठ्याने वाचावीत. मुलाची चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

व्याख्येपासूनच सुरुवात करू. 'पूर्ण अर्थ सांगणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य.' मराठी मुलाच्या दृष्टीने 'आलास.' हे पूर्ण वाक्य आहे. कोण आला, एक की अनेक, पुरुष की बाई, कधी, हे सगळे त्या एका शब्दात भरलेले आहे. तेव्हा त्याने 'केम होम' लिहिले तर व्याख्येप्रमाणे त्याचे चुकले कुठे? आपण लाल शाईने काट मारतो आणि त्याला कारण कळत नाही. कारण असे की आलो, आलास, आला, आली, आल्या या सगळ्यांसाठी इंग्रजीकडे एकच 'केम' आहे. मराठीत कर्ता क्रियापदाच्या पोटात मावतो, इंग्रजीत त्याला वेगळी खुर्ची लागते. ती खुर्ची रिकामी ठेवायची सोय नाही. बसायला कोणी नसेल तर 'इट' बसवायचा: 'उशीर झाला' म्हणजे 'इट इज लेट', 'पाच वाजले' म्हणजे 'इट इज फाइव्ह ओक्लॉक'. हा 'इट' म्हणजे कोण, असे एखादे चौकस पोर विचारतेच. कोणी नाही, खुर्ची धरून ठेवणारा आहे, हे उत्तर त्याला पुरते.

आता क्रियापद. 'क्रिया दाखवणारा शब्द' ही ओळख पाचवीतच तोकडी पडते, कारण 'इज', 'हॅव', 'नो', 'लाइक' यांत क्रिया दिसत नाही, आणि इंग्रजीत सर्वांत जास्त वापर यांचाच. त्याऐवजी काळाची कसोटी द्यावी. वाक्याच्या सुरुवातीला 'यस्टरडे' लावायचा आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते पाहायचे. 'राजू प्लेज क्रिकेट' चे 'यस्टरडे राजू प्लेड क्रिकेट' होते. 'माय सिस्टर इज इन द किचन' मध्ये 'इज' चा 'वॉज' होतो. 'वी हॅव अ काऊ' मध्ये 'हॅव' चा 'हॅड'. बदलला तो शब्द क्रियापद. 'कट', 'पुट', 'हिट' ही न बदलणारी मंडळी पहिले पंधरा दिवस वर्गाबाहेर ठेवावीत, नाहीतर कसोटीवरचा विश्वास उडतो. या कसोटीतून आणखी एक गोष्ट हाती लागते. 'राजू इज प्लेइंग' चे 'राजू वॉज प्लेइंग' होताना दोन शब्दांपैकी फक्त पहिला बदलतो. काळ अंगावर घेणारा हा पहिला शब्द लक्षात ठेवायला सांगावे. पुढे प्रश्न करताना तोच उडी मारतो, नकार करताना 'नॉट' त्याच्याच मागे येतो, आणि वाक्याच्या शेवटी जोडला जाणारा शेपटीचा प्रश्नही (क्वेश्चन टॅग) त्याच्यापासूनच बनतो. सगळे व्याकरण या एका शब्दाभोवती फिरते, म्हणून त्यावर एक अख्खी तासिका खर्च झाली तरी ती वाया जात नाही.

कर्ता शोधायला 'कोण करतो?' विचारायची सवय मराठी व्याकरणाच्या तासातून येते. 'द ग्लास ब्रोक' मध्ये ग्लास काही करत नाही. 'राजू हॅज फीवर' मध्ये राजूही काही करत नाही, बिचारा पडून आहे. इथे बदलीची कसोटी चालते: ज्या तुकड्याच्या जागी 'ही', 'शी', 'इट', 'वी', 'दे' यांपैकी एक बसतो आणि वाक्य टिकते, तो तुकडा कर्ता. 'द बॉय इन द ब्लू शर्ट इज माय ब्रदर' यात मुले 'द बॉय' एवढ्याखालीच रेघ ओढतात. बदली करून पाहायला सांगितले की 'ही इन द ब्लू शर्ट' कानाला खटकते आणि रेघ आपोआप 'शर्ट' पर्यंत लांबते. कर्ता हा शब्द नसून तुकडा असतो, हे इथे समजले नाही तर पुढे 'द बॉइज इन द ब्लू शर्ट प्लेज' अशी चूक होते, कारण मूल क्रियापदाला लागून असलेला शब्द पाहून एस लावते.

आता मराठीतून येणारी एक चूक, जिची शिकवताना फारशी दखल घेतली जात नाही. 'सीमाने दोन पोळ्या खाल्ल्या आहेत.' इथे 'खाल्ल्या आहेत' हे पोळ्यांप्रमाणे चालते, सीमाप्रमाणे नाही. हा आपला कर्मणी प्रयोग. मूल तेच इंग्रजीत नेते आणि 'सीमा हॅव ईटन टू चपातीज' लिहिते. आपण म्हणतो, सीमा एकवचनी आहे, 'हॅज' हवे, एवढे कसे कळत नाही? त्याला कळते आहे. त्याच्या भाषेत पोळ्या अनेकवचनी आहेत, म्हणून 'आहेत', म्हणून 'हॅव'. चूक निष्काळजीपणाची नाही, नियमाची आहे, फक्त नियम मराठीचा आहे. सांगायचे एवढेच: मराठी क्रियापद कधी कर्त्याचे ऐकते, कधी कर्माचे, आणि कधी कोणाचेच नाही, इंग्रजी क्रियापद फक्त कर्त्याचे ऐकते. 'मला दोन भाऊ आहेत' हीदेखील तीच जात. 'मला' म्हणजे इंग्रजीत 'मी' किंवा 'टू मी' असे पाठ असलेले मूल 'मी टू ब्रदर्स आर' पर्यंत जाते. 'मला', 'तिला', 'माझ्याकडे' अशा शब्दांनी सुरू होणारी दहाबारा वाक्ये फळ्याच्या एका बाजूला लिहून समोर 'आय हॅव', 'शी लाइक्स', 'आय फील कोल्ड' लिहावे. हे भाषांतराने सुटत नाही, जोड्या कानात बसवाव्या लागतात.

उरलेल्या भागात मुख्य अडचण जागेची. 'रामाने रावणाला मारले' आणि 'रावणाला रामाने मारले' यांत मेला तो रावणच, कारण 'ने' आणि 'ला' चिकटून आहेत; शब्द कुठेही ठेवा. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' मधली नावे इकडची तिकडे केली की रामायण बदलते. हे उदाहरण पाचवीच्या मुलाला एकदाच द्यावे लागते. जागा हाच इंग्रजीतला प्रत्यय, हे त्याला त्यातून कळते. त्याच धड्यात 'दारात मांजर आहे' आणि 'मांजर दारात आहे' ही जोडी घ्यावी. पहिल्यात मांजराची बातमी नवी, दुसऱ्यात मांजर आधीच माहीत आहे. मराठी हा फरक शब्दांची जागा बदलून करते, इंग्रजी त्यासाठी दोन वेगळ्या रचना वापरते: 'देअर इज अ कॅट ॲट द डोअर' आणि 'द कॅट इज ॲट द डोअर'. 'देअर' चा अर्थ 'तिथे' असा सांगितला की मूल घोटाळ्यात पडते. हाही 'इट' सारखाच खुर्ची धरून ठेवणारा. कर्म आणि पूरक यांतला भेद मात्र आठवीपर्यंत सोडून द्यावा, त्यावाचून काही अडत नाही.

हे सगळे फळ्यावर लिहून होत नाही, शब्द हातात यावे लागतात. 22 बाय 28 इंचांच्या एका कार्डशीटमधून 9 बाय 3 इंचांच्या 21 पट्ट्या निघतात. 40 मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाच जणांचे आठ गट, म्हणजे आठ कार्डशीट. कर्ते निळ्या स्केचपेनने, क्रियापदे लाल, उरलेले हिरवे. निळ्या पाच: आय, राजू, माय सिस्टर, दे, आणि तो निळ्या शर्टातला लांबलचक मुलगा एकाच पट्टीवर. लाल नऊ: ॲम, इज, आर, कॅन, डू, डज, डिड, प्ले, गो. हिरव्या तीन: क्रिकेट, टू स्कूल, इन द किचन. काळ्या शाईत नॉट, व्हेअर आणि व्हेन. एक पट्टी कोरी ठेवावी, कारण एखादी फाटतेच. विशेषनामे आणि 'आय' सोडून सगळे शब्द लहान लिपीत लिहावेत. पट्टीवर 'माय' चे पहिले अक्षर मोठे केले, तर 'इज' पुढे आल्यावर ते वाक्याच्या मध्ये तसेच राहते, आणि मुले वहीत तसेच उतरवतात. देवनागरीत मोठी-लहान लिपी नसल्यामुळे 'पहिले अक्षर मोठे' हा नियम त्यांना मुळातच परका आहे. पट्ट्या लावून झाल्यावर वहीत उतरवताना तो पाळायला लावावा. विरामचिन्हांसाठी वेगळे छोटे चौकोन कापावेत, ते का, ते पुढे सांगतो.

आता प्रकार. विधानापासून थेट प्रश्नावर जाऊ नये, मध्ये नकार घ्यावा, कारण काळ घेणारा शब्द ओळखण्याचा सराव तिथे स्वस्तात होतो. 'राजू इज इन द किचन' मध्ये 'इज' नंतर 'नॉट'. 'आय कॅन प्ले क्रिकेट' मध्ये 'कॅन' नंतर. मराठीतले 'नाही' हे 'आहे' चेच भावंड वाटत असल्याने 'मी जात नाही' चे 'आय ॲम नॉट गो' होते. ही चूक खूप आढळते आणि तिचे मूळ इथे आहे. 'आहे' नसलेल्या वाक्यात 'ॲम' आणायचा नाही, हे पट्ट्यांवर दाखवता येते.

मग हो-नाहीचा प्रश्न, तोही आधी 'इज', 'आर', 'कॅन' यांचाच. लाल पट्टी उचलायची आणि निळीच्या डावीकडे ठेवायची. बस. 'राजू इज इन द किचन' चे 'इज राजू इन द किचन?' निळ्या शर्टवाल्या मुलाची पट्टी घेऊन हेच करायला सांगा. संपूर्ण तुकड्यावरून उडी मारावी लागते, म्हणजे कर्ता नीट ओळखला की नाही तेही इथे तपासले जाते. पहिल्या दोन तासिकांत 'डू' चा उच्चारही करू नये. घाई इथेच होते: पुस्तकात उदाहरण आले म्हणून 'डज' पहिल्याच दिवशी फळ्यावर जातो आणि मुलांच्या डोक्यात प्रश्न म्हणजे 'डज' एवढेच राहते. मग 'डज राजू इज इन द किचन?' असे ऐकायला मिळते.

'डज' कुठून येतो, हे दाखवायची एक घडी आहे. एक पट्टी मधोमध दुमडा. बाहेरच्या बाजूवर 'प्लेज' लिहा. उघडल्यावर आत डाव्या अर्ध्यावर 'डज', उजव्या अर्ध्यावर 'प्ले'. मुलांसमोर आधी बंद पट्टी ठेवा: 'राजू प्लेज क्रिकेट.' प्रश्न करायचा तर उडी कोणी मारायची? एकच लाल शब्द आहे आणि तो काळही घेतो, कामही सांगतो. तेव्हा पट्टी उघडा, घडीवर कात्री चालवा, 'डज' चा अर्धा भाग उचलून राजूच्या डावीकडे ठेवा. 'डज राजू प्ले क्रिकेट?' क्रियापदाला लागलेला एस कुठे गेला, ते मुलेच सांगतात: 'डज' घेऊन गेला. ही घडी प्लेजसाठी एक, 'प्ले' साठी आत 'डू' आणि 'प्ले' अशी दुसरी, 'वेंट' साठी आत 'डिड' आणि 'गो' अशी तिसरी करावी. 'डिड राजू वेंट?' ही चूक जाते ती तिसऱ्या घडीने. काळ एका वाक्यात एकदाच लागतो, तो 'डिड' ने घेतला, मग 'गो' मोकळा राहिला. हे शब्दांत दहा वेळा सांगूनही पोचत नाही. कात्रीचा आवाज मात्र लक्षात राहतो.

मराठीत प्रश्न करायला 'का' जोडले की काम होते, जागा कोणाचीच बदलत नाही. त्यात भर 'काय' ची. 'तू काय खातोस?' आणि 'तू खातोस काय?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि जिथे बोलीत 'येतोस काय?' सर्रास चालते तिथे मूल 'व्हॉट यू आर कमिंग?' असे विचारते. हो-नाहीचे उत्तर येणारा 'काय' इंग्रजीत शब्द म्हणून येत नाही, तो लाल पट्टीच्या उडीत असतो, एवढे सांगावे. कुठे, कधी, कशाला हे मराठीत जागेवर बसून राहतात: 'राजू कुठे जातो?' म्हणून 'राजू व्हेअर गोज?' येते. पायऱ्या दोनच: आधी हो-नाहीचा प्रश्न करा, 'डज राजू गो टू स्कूल?', मग उत्तराचा तुकडा काढून टाकून त्याच्या बदल्यात 'व्हेअर' सगळ्यांच्या पुढे ठेवा, 'व्हेअर डज राजू गो?' पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर गेले की 'व्हेअर राजू गोज?' मिळते. अपवाद एकच महत्त्वाचा: 'हू ब्रोक द ग्लास?' इथे प्रश्नशब्दच कर्त्याच्या खुर्चीत आहे, उडी मारायला समोर कोणी नाही, म्हणून 'डिड' लागत नाही.

शेपटीचा प्रश्न आपल्याकडे दहावीच्या कृतिपत्रिकेसाठी म्हणून वेगळा शिकवला जातो. तो वेगळा नाहीच. 'राजू प्लेज क्रिकेट, डझन्ट ही?' यात 'डज' घडीतून आला आणि 'ही' बदलीच्या कसोटीतून. दोन्ही पाचवीत झालेले आहे. मराठीतल्या 'ना' किंवा 'हो ना' ला सर्व वाक्यांत एकच रूप असते, म्हणून मूल सगळीकडे 'इजन्ट इट' चिकटवते, कारण तेवढेच.

आज्ञार्थी वाक्यावर फार वेळ घालवू नये. ये, या, यावे, येऊ दे, येऊ नकोस असा आपला मोठा पसारा आहे, इंग्रजीत त्यातल्या बहुतेकांना 'कम' आणि 'डोन्ट कम' पुरते. मुले आदर दाखवायला 'यू कम' म्हणतात आणि त्याने उलट दटावल्यासारखे होते. एवढे कानावर घातले की पुढे जावे. खुर्ची फक्त इथेच रिकामी राहते, हे मात्र आवर्जून दाखवावे.

उद्गारार्थीला थोडा वेळ द्यावा, कारण मराठी तिथे मदतही करते आणि फसवतेही. 'काय सुंदर फूल आहे!' आणि 'हे काय आहे?' यांत 'काय' एकच, 'किती वाजले?' आणि 'किती गोड!' यांत 'किती' एकच. इंग्रजीतही 'व्हॉट' आणि 'हाऊ' दोन्हीकडे येतात. भेद उडीत आहे. 'व्हॉट इज इट?' यात 'इज' ने उडी मारली, हा प्रश्न. 'व्हॉट अ ब्यूटिफुल फ्लॉवर इट इज!' यात मारली नाही, हा उद्गार. उडी झाली की नाही एवढे पाहिले की 'हाऊ ब्यूटिफुल इज द फ्लॉवर!' ही नेहमीची चूक मूल स्वतः पकडते. करायची रीत: 'इट इज अ व्हेरी ब्यूटिफुल फ्लॉवर' मधला 'व्हेरी' काढा, नामासकट तुकडा पुढे आणा, त्याआधी 'व्हॉट' लावा. नाम नसेल, नुसते विशेषण असेल, तर 'हाऊ': 'हाऊ ब्यूटिफुल द फ्लॉवर इज!' फुले अनेक झाली की 'अ' जातो, 'व्हॉट ब्यूटिफुल फ्लॉवर्स दे आर!', आणि मुले तो जाऊ देत नाहीत, कारण 'व्हॉट अ' हा एकच शब्द म्हणून पाठ झालेला असतो.

विरामचिन्हांचे चौकोन वेगळे का, ते आता. 'प्रकार ओळखा' या प्रश्नात मुले वाक्य वाचतच नाहीत, शेवटचे चिन्ह पाहतात. 'सिट डाउन!' ला उद्गारवाचक चिन्ह आहे, म्हणून ते त्यांच्या लेखी एक्सक्लमेटरी. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह मराठीतसुद्धा एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या वाटेने आले, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या काळात. त्याआधीही मराठी माणूस प्रश्न विचारतच होता. तेव्हा सरावाची वाक्ये चिन्हे काढून द्यावीत आणि चौकोन मुलांना लावू द्यावेत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना खास विनंती अशी की प्रकार रचनेवरून विचारत आहात की हेतूवरून, हे आधी ठरवावे. 'कॅन यू ओपन द डोअर?' ची रचना प्रश्नाची आहे आणि हेतू विनंतीचा. एका शाळेत त्याला इंटरॉगेटिव्ह म्हटल्यावर गुण मिळतात, शेजारच्या शाळेत इम्परेटिव्ह म्हटल्यावर. आमच्या मते आठवीपर्यंत फक्त रचना विचारावी. हेतूची चर्चा वर्गात करावी, मजेदार असते, पण तिला गुण ठेवू नयेत.

संयुक्त आणि मिश्र वाक्यांबद्दल थोडक्यात. आपले शब्द जोडीने येतात: जेव्हा-तेव्हा, जर-तर, जरी-तरी. इंग्रजीत एकच जोडणारा शब्द पुरतो. म्हणून 'दो ही वॉज इल, बट ही केम' येते. जोडीतला दुसरा शब्द भाषांतर न करता सोडायचा, एवढी एक सूचना आठवीत पुरे. ही वाक्ये ओळखण्याचीही रीत तीच, 'यस्टरडे' लावून काळ घेणारे शब्द मोजायचे. दोन निघाले तर वाक्यात दोन उपवाक्ये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे: वाक्याची चिरफाड करून कोणी भाषा शिकतो का? भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगळुरू प्रकल्पात 1979 ते 1984 या काळात शाळकरी मुलांना नकाशे, वेळापत्रके यांवरची कामे देऊन, व्याकरण न समजावता इंग्रजी शिकवले गेले. ती दिशा आम्हाला मान्य आहे. भरपूर इंग्रजी ऐकणे आणि वाचणे याला पट्ट्या पर्याय नाहीत. पण ज्या शाळेत इंग्रजी दिवसातून एक तासिका कानावर पडते आणि घरी अजिबात नाही, तिथे तीच चूक पहिलीपासून दहावीपर्यंत मुरत जाते. आणि व्याकरण शिकवायचेच नाही असे ठरले असते तर गोष्ट वेगळी होती. ते शिकवले जातेच आहे, तक्त्याच्या रूपात. तक्त्याला जाणारा वेळ पट्ट्यांना द्या, एवढेच मागणे आहे. 35 मिनिटांच्या तासिका धरल्या तर क्रियापद आणि कर्ता यांना चार, जागेला दोन, नकाराला एक, प्रश्नाला पाच आणि उरलेल्या दोन प्रकारांना मिळून तीन अशा पंधरा लागतात. त्या सलग घेऊ नयेत. आठवड्याला दोन, आणि मधल्या दिवशी पाठ्यपुस्तकातला धडा चालू असताना त्यातल्याच एखाद्या वाक्यावर पाच मिनिटे.

प्रशिक्षणात सुलभकांनी हे भाषणाने सांगू नये. शिक्षकांच्या हाती कार्डशीट आणि कात्री द्यावी. घटक चाचणीत वाक्यप्रकारांना 5 गुण असतील तर 1 गुण नाव ओळखायला ठेवावा आणि 4 तयार करायला: एक विधान द्यावे आणि त्याचा नकार, हो-नाहीचा प्रश्न, 'व्हेअर' चा प्रश्न आणि शेपटीचा प्रश्न करून मागावा. विधान 'वेंट' चे असावे. कोणाची घडी उघडली नाही ते तिथेच कळेल.

कळावे,
आपले,
मराठी शाळांत इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक